सगुणाला दिलेला शब्द

राजूरच्या बाजारात मला ‘लूपवाली बाई’ म्हणत. भाजी विकणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसून हसत आणि त्यातली एखादी धीट असली तर मोठ्याने विचारी, “काय बाई, आज कुनाला बशिवलं?” लूप म्हणजे मूल राहू नये म्हणून बाईला आतून बसवायचं साधन. मी चोवीस वर्षांची, लग्न न झालेली, आणि भर बाजारात हा प्रश्न. पहिल्या महिन्यात खोलीवर येऊन रडले. पुढे मीही उलट विचारायला लागले, “तुझा नंबर कधी लावू?” त्यानंतर मात्र वांगी निवडून मिळू लागली.

नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दवाखाना येतो, पांढरी खाट येते, डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन चालणारी बाई येते. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत यातलं काहीच नव्हतं. मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले, मिशनच्याच एका दवाखान्यात ए.एन.एम.चा कोर्स केला, आणि सरकारी नोकरीत लागले तेव्हा अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं एक उपकेंद्र माझ्या वाट्याला आलं. उपकेंद्र म्हणजे भाड्याची एक खोली. दारावर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला. आत लोखंडी खाट, एक कपाट, स्पिरिटचा स्टोव्ह, सिरिंज उकळायचा डबा आणि रजिस्टरं. या खोलीच्या हाताखाली आठ वाड्या, सगळ्या पायी फिरायच्या. बाळंतपणं करायची, गरोदर बायांना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, पोरांना देवी टोचायच्या, जखमा धुवायच्या आणि उरलेल्या वेळात कुटुंब नियोजन करायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात कुटुंब नियोजन आधी आणि उरलेल्या वेळात बाकीचं.

रक्तवाढीच्या गोळ्यांचं सांगते. एक बाई दर महिन्याला न चुकता गोळ्या न्यायला यायची. मला वाटायचं, केवढी शहाणी! पाच-सहा महिन्यांनी कळलं की गोळ्या तिच्या कोंबड्या खात होत्या. मी चिडून जाब विचारला तर म्हणाली, “बाई, बलक लई लाल होतोय.” आणि एक साठीचे आजोबा नसबंदीच्या यादीत नाव घाला म्हणून माझ्याकडे तीनदा आले. बायको वारून त्यांना दहा वर्षं झाली होती. चौथ्या खेपेला त्यांनी कबूल केलं की शिबिराला न्यायला जीप येते, त्यांना फक्त जीपमध्ये बसायचं होतं.

मी आता सावेडीत मुलाकडे राहते. गेल्या वर्षी परिचारिका दिनाला एका कार्यक्रमाला आम्हा जुन्या नर्सेसना बोलावलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवत एक मॅडम बोलल्या. जगाने आरोग्याची अमुक अमुक उद्दिष्टं ठरवली आहेत, बालमृत्यू इतके खाली आणायचे आहेत, माता वाचवायच्या आहेत, आणि हे सगळं नर्सेसशिवाय होणार नाही. छान बोलल्या. माझ्या शेजारी बसलेल्या कोवळ्या मुलीने हळूच विचारलं, “आजी, तुमच्या वेळी काय उद्दिष्ट असायचं?” मी म्हटलं, “केसेस. नसबंदीच्या केसेस.” तिला हसू आलं. मला सगुणा आठवली. घरी आल्यावर सुनेला सगळी हकिगत सांगितली, ती म्हणाली लिहून काढा. म्हणून लिहिते आहे.

सगुणा माझ्या खोलीपासून वर, टेकाडावरच्या वाडीत राहायची. महादेव कोळ्यांची दहा-बारा घरं. नवरा सखाराम, सासू, भाताची दोन खाचरं, उतारावर नागली आणि वरई. वयाने ती माझ्याएवढीच, पण तिची चार बाळंतपणं झालेली. पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरा जगला, त्याचं नाव धोंडू. आधीची मुलं गेलेली असली की पुढच्याला असं दगडाधोंड्याचं नाव ठेवतात, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही. चौथा सोमा. त्याच्या वेळी मी होते. नाळेचा वेढा गळ्याभोवती पडला होता, पोर निळं पडलेलं. मी वेढा काढला, तोंड साफ केलं, पाठ चोळली, तेव्हा ते रडलं. तेव्हापासून सगुणा माझ्यावर विश्वास ठेवू लागली. डोंगर उतरून यायची, खोलीच्या उंबऱ्यावर बसायची, मला करवंदं नाहीतर मूठभर तांदूळ आणून द्यायची. मी ख्रिस्ती म्हणून तिची सासू माझ्या हातचं पाणी घेत नसे. सगुणा घ्यायची. “घरी सांगू नगा” म्हणायची आणि प्यायची.

सोमा रांगायला लागला त्या थंडीत माझी एकही केस झालेली नव्हती. दर महिन्याला राजूरच्या आरोग्य केंद्रात मीटिंग असायची. प्रत्येक नर्सने उभं राहून आपला आकडा सांगायचा. आकडा कमी असला तर साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, “मग महिनाभर काय केलंत, डोंगर मोजलेत?” बाळंतपणं किती केली, कुणाची जखम बरी केली, हे कुणी विचारत नसे. मला त्या मीटिंगची धास्ती बसली होती. म्हणून त्या दिवशी सगुणा उंबऱ्यावर येऊन बसली तेव्हा मी विषय काढला.

“दोन मुलगे आहेत. आता पुरे कर. अंगात रक्त नाही तुझ्या. पाचव्याच्या वेळी तू हाती लागणार नाहीस.”

“माझं ऱ्हाऊ द्या, बाई. ही दोन ऱ्हातील का, त्ये सांगा.”

“का नाही राहणार?”

“पयली दोन कुटं ऱ्हायली?”

“तेव्हा मी इथं नव्हते. आता मी आहे.”

तिने सोमाला मांडीवर घट्ट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. “शबुद देता?”

“दिला,” मी म्हटलं.

किती सहज म्हटलं! दोन मुलं बरोबर सांभाळली जातील असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं. पण मीटिंग पुढच्या आठवड्यात होती, हेही खरं.

सगुणाने सखारामला तयार केलं. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाके लवकर भरतात, हे मीच तिला समजावलं होतं आणि तिने ते माझ्याहून चांगलं त्याला समजावलं. सखाराम मितभाषी माणूस. जीप आली तेव्हा नवी टोपी घालून गेला, दुसऱ्या दिवशी परत आला आणि पाच-सहा दिवसांत कामाला लागला. त्याची आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मीटिंगमध्ये मी उभी राहून आकडा सांगितला. साहेबांनी मान डोलावली.

पुढच्या पावसाळ्यात, लावणी आटोपली होती तेव्हा, सोमाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मला निरोप आला तोवर एक दिवस गेला होता. मी वर गेले तर पोर मलूल पडलेलं, डोळे आत गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. शरीरातलं पाणी संपल्याची ही खूण आम्हाला शिकवलेली होती. त्यावर उपाय एकच शिकवलेला, शिरेतून सलाइन. सलाइन राजूरला. वाट साडेतीन-चार तासांची, मध्ये दोन ओढे. आणखी एक गोष्ट आम्हाला शिकवली होती आणि त्या काळी मोठे मोठे डॉक्टरही तेच सांगायचे. जुलाब चालू असताना तोंडाने काही द्यायचं नाही. आतड्याला विश्रांती द्यायची. पाणी दिलं तर जुलाब वाढतात.

सखारामने आणि त्याच्या भावाने घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. सगुणा आणि मी बाजूने चाललो. पाऊस भुरभुरत होता. डोंगरात जिकडे पाहावं तिकडे पाणी, दगडांवरून, पानांवरून, पायवाटेवरून. सोमाला शब्द फार येत नव्हते, पण ‘पानी’ येत होता. पहिल्या ओढ्याचा आवाज आला तसा तो ‘पानी, पानी’ करायला लागला. सगुणाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “देऊ नकोस. राजूरला बाटली लावतील.”

“येक घोट?”

“नको सगुणा. आणखी जुलाब होतील त्याला.”

तिने नाही दिलं. माझ्यावर विश्वास होता तिचा. थोडं पुढे गेल्यावर मला दिसलं की सोमाने घोंगडीची ओली कड तोंडात धरली आहे आणि तो ती चोखतो आहे. मी ती त्याच्या तोंडातून काढली. माझ्या या हाताने काढली. नोकरीतल्या चुका पुष्कळ झाल्या, काही विसरले, काही आता सांगून हसते. ही तशी नाही.

राजूर खाली दिसायला लागलं त्या उतारावर तो गेला. सगुणाने झोळीत हात घातला आणि ती उभीच राहिली. सखारामने भावाला खूण केली, दोघांनी झोळी फिरवली आणि आल्या वाटेने चालू लागले. मी मागे. दुसऱ्या ओढ्यापाशी सगुणा थांबली. रडली नव्हती. मला म्हणाली, “शबुद दिल्ता तुमी.”

एवढंच. जवळजवळ दोन वर्षं ती माझ्याशी पुढे काही बोलली नाही.

त्यानंतर सगळ्या वाड्यांची दारं मला बंद झाली. आत जाऊ नका असं कुणी तोंडावर म्हणत नसे. मी आले की बाई शेतावर गेलेली असायची, चूल पेटलेली दिसत असली तरी. पोरं मला पाहून पळायची. सगुणाची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “लेकाला कापून ठिवला आन नातू खाल्ला. आता दुसरी बायकू करून तरी काय उपेग?” खोटं काहीच नव्हतं त्यात. सखारामला मूल होणार नव्हतं आणि त्याला तसं करणारी मी होते. मी बदलीचा अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण त्या जागेवर यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मीटिंगमध्ये माझा आकडा दर महिन्याला शून्य.

दुसऱ्या वर्षी आमच्या केंद्रावर एक तरुण डॉक्टर आले. बारीक अंगाचे, सिगारेट ओढणारे, मीटिंगमध्ये मागे बसून कंटाळणारे. ते आदल्या साली स्वयंसेवक म्हणून बंगालच्या सरहद्दीवर गेले होते, तिकडे लाखो निर्वासित आले होते आणि छावण्यांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. एकदा मीटिंग संपल्यावर त्यांनी आम्हा नर्सेसना थांबवून घेतलं. एक तांब्या मागवला. उकळून गार केलेलं पाणी भरलं. त्यात चार बोटांत मावेल एवढी साखर आणि तीन बोटांच्या चिमटीएवढं मीठ टाकून ढवळलं.

“चाखून बघा,” ते म्हणाले. “डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं. साखर नसेल तर गूळ घाला. जुलाब झालेल्या पोराला हे पाजा. चमच्याचमच्याने, सतत.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नर्सला सुई आणि बाटली यांचा अभिमान असतो, हे तर आजीच्या बटव्यातलं निघालं. मी विचारलं, “सर, जुलाब चालू असताना पाणी?”

“चालू आहेत म्हणूनच. जेवढं जातं तेवढं भरायचं. साखर असली की आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं. तिकडे आमच्या बाटल्या संपल्या होत्या, सिस्टर. माणसं येतच होती. मग पिंपात हे कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आम्ही आशा सोडलेली माणसं उठून बसली.”

बाकीच्या जणी चहा प्यायला गेल्या. मी तशीच निघाले. त्याच वाटेने, त्याच ओढ्यांवरून. दुसऱ्या ओढ्यापाशी मला पुढे चालवेना, तिथंच खाली बसले. राग आला होता. कुणावर, ते सांगता येत नाही. मला शिकवलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मीठ आणि गूळ सगुणाच्या घरात होता. पाणी तर आभाळातून पडत होतं.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. आमच्याकडे डोंगरात पाऊस नेहमी भरपूर, पण त्या वर्षी भात पोटरीतच, लोंब्या बाहेर पडायच्या आत वाळला. उन्हाळ्यात झरे आटले. ओढ्याच्या पात्रात हातभर खड्डा खणायचा, त्यात वाटी-वाटी पाणी साचलं की भरायचं, गुरांनीही तिथंच तोंड घालायचं. मी खड्ड्यांत जंतू मारायची पावडर टाकत फिरत होते, पण आठ वाड्यांना एक माणूस पुरत नाही. चैत्रात जुलाब-उलट्यांची साथ आली. तोवर मी ते मीठ-गुळाचं पाणी चार-दोन साध्या दुखण्यांना दिलं होतं. डोळे आत गेलेल्या पोराला कधीच नाही.

एके दिवशी सकाळी सखाराम माझ्या दारात उभा राहिला. जवळजवळ दोन वर्षांनी. “धोंडूला लागलंय,” तो म्हणाला. “काल सांजेपासनं. झोळी बांधून ठिवलीया. ती म्हनली, नर्सबाईला बोलवा.”

मी वर पोचले. अंगणात बांबू आणि झोळी तयार. आत धोंडू आईच्या मांडीवर आडवा, सहा-सात वर्षांचं पोर, पण उचलायला हलकं. डोळे खोल, ओठ कोरडे, चिमटीतली कातडी तशीच उभी. दोन वर्षांपूर्वी जे पाहिलं होतं तेच. वाट या वेळी कोरडी होती, ओढ्यांना पाणी नव्हतं, तीन तासांत राजूर गाठता आलं असतं. पण उन्हाचे तीन तास. मी त्याची नाडी बघत मनाशी ठरवत होते. कितीदा ठरवलं आणि मोडलं, ते माझं मला माहीत.

मी बाहेर येऊन म्हटलं, “सखारामभाऊ, याला न्यायचं नाही. इथंच पाजायचं.”

सखारामची आई ओट्यावरून ओरडली, “येक खाल्लं, आता दुसरं खायाला आलीया! ने रं पोराला!”

सखाराम माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. “बाई, त्या खेपेला न्या म्हनलात. पानी देऊ नगा म्हनलात. आता न्हेऊ नगा म्हनता, पानी पाजा म्हनता. आमी काय समजावं?”

“त्या वेळी मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “आता माहीत झालंय. वाटेत हा टिकणार नाही. तुमच्या भावाला राजूरला पाठवा, डॉक्टरांना घेऊन येऊ दे. तोवर आपण इथं पाजत राहू.”

सगळे सगुणाकडे बघायला लागले. ती धोंडूच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. मान वर न करता म्हणाली, “काय काय लागंल?”

गूळ, मीठ, उकळलेलं पाणी, एक तांब्या. चमचा माझ्या पेटीत होता. मी कालवून आधी स्वतः चाखलं, मग तिला चाखायला दिलं. पहिले चार चमचे पोटात गेले आणि तसेच बाहेर आले. म्हातारी म्हणाली, “बगा!” डॉक्टर म्हणाले होते, ओकला तर थोडं थांबा आणि पुन्हा हळू सुरू करा. मी छातीवर लावलेल्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. पुन्हा एक चमचा. थांबायचं. पुन्हा एक. तासाभराने माझा हात भरून आला तेव्हा सगुणाने चमचा माझ्याकडून घेतला.

बाहेर ऊन चढलं. धोंडू जुलाब करत होता, आम्ही पाजत होतो. दुपारी त्याने हाक दिल्यावर डोळे उघडणंही सोडलं. सखाराम दारात बांबू धरून उभा होता. अजून न्यायला निघालं तर? वाटेत गेला तर निदान नेत होतो असं म्हणता येईल. मी तोंड उघडलं होतं, “सखारामभाऊ” एवढं म्हणालेही. सगुणाने मान न वळवता सांगितलं, “त्यो गिळतोय, बाई. घसा हालतोय.”

मी वाकून पाहिलं. गिळत होता. मी तांब्या तिच्यापुढे सरकवला.

आम्ही दुसरा तांब्या कालवला. मग तिसरा. उन्हं कलायला लागली तेव्हा धोंडू कुरकुरला, मान फिरवायला लागला, मग चिडून रडला. सगुणाने त्याच्या गालाला बोट लावलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट ओलं होतं. सकाळी तो रडला होता तेव्हा डोळे कोरडे होते. अर्ध्या तासाने तिने त्याला माझ्या मांडीवर दिलं, लुगडं आवरायला उठली, आणि त्या पोराने माझ्या पांढऱ्या पातळावर लघवी केली. भरपूर केली. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण अशा पोराने लघवी केली म्हणजे त्याच्या अंगात पाणी परतलं. मी मोठ्याने हसले. “केली! केली त्याने!” म्हणून ओरडले. म्हातारीला वाटलं मला वेड लागलं. सगुणा भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला. सखाराम बाहेर गेला आणि झोळीच्या गाठी सोडायला लागला.

डॉक्टर संध्याकाळी पोचले, घामाघूम. धोंडूला तपासलं, तांब्यातलं पाणी बोट बुडवून चाखलं. “सिस्टर, मी आलो नसतो तरी चाललं असतं,” म्हणाले. आयुष्यात मला एक-दोन प्रमाणपत्रं मिळाली. ती कपाटात आहेत. हे वाक्य पाठ आहे.

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले, “शून्य” म्हटलं आणि खाली बसले. साहेब काही बोलायच्या आत मागून डॉक्टर म्हणाले, “हिच्या वाड्यांत साथीने गेलेल्यांचा आकडाही विचारा.” साहेबांनी विचारला नाही. त्यांच्या तक्त्यात तो रकाना नव्हता. पुढे पुढे बायका आपणहून माझ्याकडे यायला लागल्या, लूप बसवायलासुद्धा. पण मी पुन्हा कुणाला शब्द दिला नाही. मुलं जगवायला मदत करीन, एवढंच म्हणायची. धोंडू आश्रमशाळेत शिकला, पुढे वनखात्यात लागला. माझ्या निवृत्तीच्या वेळी त्याचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलेलं सगळं इथे सांगत नाही.

एक सांगायचं राहिलं. धोंडू उठून हिंडायला लागला, त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतून एका पोराचा निरोप आला. मी पेटी घेऊन निघाले तर वाटेवर सगुणा उभी. हातात तांब्या, पदरात गुळाचा खडा बांधलेला. “मी येते,” म्हणाली. “चमचा धराया कोनी तरी लागंल.” आम्ही चालू लागलो. चढ संपेपर्यंत ती माझ्या बरोबरीने चालली. मग पुढे बघतच म्हणाली,

“बाई, येक इचारू?”

“विचार.”

“सोमाला तवा आसं पाजलं आसतं तर ऱ्हायला आसता का?”

मला दुसरं काहीही बोलता आलं असतं. देवाची मर्जी म्हणता आलं असतं. त्याचं दुखणं मोठं होतं, असं सांगता आलं असतं. तिने ते मानलंही असतं. मी थांबले आणि म्हटलं, “हो, सगुणा. बहुतेक राहिला असता.”

ती वाटेकडेच्या दगडावर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं.

“मला कळलं हुतं,” ती म्हणाली. “धोंडूला पाजताना कळलं. तुमी सांगता का न्हाई, तेवढं बगत हुते.”

मग ती उठली. तांब्या कमरेला धरला आणि मला म्हणाली, “चला बाई. ऊन व्हायच्या आत त्या पोराला पाजाया पायजे.”